रुग्ण तुझा, जबाबदारी माझी

मराठीत डॉक्टरांची आत्मचरित्रं पुष्कळ आहेत. त्यांत सर भेटतात, मॅडम भेटतात, पण बहुधा ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा वॉर्डातल्या राउंडवर. खोकला, ताप, वाढलेली साखर, गुडघेदुखी, न लागणारी झोप अशा रोजच्या तक्रारींच्या रांगेत शिकाऊ डॉक्टरच्या बाजूला उभं राहून शिकवणारा शिक्षक त्या पुस्तकांत जवळजवळ दिसत नाही. याचा दोष मी लेखकांना देणार नाही. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत असा शिक्षक ठेवण्याची सोयच फारशी झालेली नाही. अमेरिकेत मात्र गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत अशा शिक्षकांच्या काही पिढ्या होऊन गेल्या. फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सीची फॅकल्टी म्हणतात ती ही मंडळी. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

ज्या वाचकांना तिकडची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉक्टरला लगेच दवाखाना उघडता येत नाही; आधी रेसिडेन्सी करावी लागते. फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची. या काळात रेसिडेंट प्रसूती विभाग, बालरुग्ण, अतिदक्षता, तातडीचा विभाग असा सगळीकडे फिरतो, पण त्याचा मुक्काम एकाच ठिकाणी असतो, रेसिडेन्सीच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये. तिथे पहिल्या वर्षापासून त्याच्या नावावर रुग्ण नोंदवले जातात. आजी, तिची मुलगी, मुलीचं तान्हं बाळ, सगळी एकाच डॉक्टरच्या यादीत असू शकतात. 2023पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तीन वर्षांत किमान 1,000 तास रेसिडेंटने या आपल्या रुग्णांसाठी दिले पाहिजेत. वॉर्डातला रुग्ण आठ दिवसांत घरी जातो. इथला रुग्ण पुढच्या महिन्यात परत येतो आणि मागच्या वेळी दिलेल्या सल्ल्याचं काय झालं ते सांगतो. शिकवण्याची सगळी रीत या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

यातून शिक्षकापुढे जो पेच उभा राहतो तो मला या विषयाचा गाभा वाटतो. रुग्ण रेसिडेंटचा आहे. रुग्णाने रेसिडेंटवर विश्वास टाकायचा, त्याच्याकडेच परत यायचं. पण कायद्याने आणि नीतीने अंतिम जबाबदारी शिक्षकाची. चूक झाली तर उत्तर त्याने द्यायचं, आणि तरीही खोलीत स्वतः मोठं व्हायचं नाही. वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने रोज, दर पंधरा-वीस मिनिटांनी, आपलं कौशल्य मागे ठेवून दुसऱ्याच्या कौशल्याला जागा करून द्यायची. हे करणारी माणसं थोर आहेत असं मला मनापासून वाटतं, आणि ते लपवून ही प्रस्तावना लिहिण्यात अर्थ नाही.

असल्या क्लिनिकमध्ये तपासणीच्या खोल्यांच्या मधोमध किंवा त्यांना लागून एक लहान खोली असते. दोन-चार संगणक, फोन, पाठ्यपुस्तकं, कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक. इथे प्रिसेप्टर, म्हणजे त्या वेळचा शिक्षक, बसलेला असतो. सरकारी आरोग्य विमा योजना मेडिकेअरचा नियम असा की, पहिले सहा महिने पूर्ण केलेल्या रेसिडेंटने फार गुंतागुंत नसलेला रुग्ण पाहिला तर शिक्षकाने तो प्रत्येक वेळी स्वतः तपासलाच पाहिजे असं नाही. मात्र एका शिक्षकाकडे एका वेळी चारांहून अधिक रेसिडेंट असता कामा नयेत, आणि त्या वेळेत त्याने दुसरं कोणतंही काम अंगावर घ्यायचं नाही. त्याने फक्त हाताशी असायचं. हा नियम वरवर हिशेबाचा आहे, पण शिकवणं हे स्वतंत्र काम आहे, आपले रुग्ण बघता बघता उरकायची गोष्ट नव्हे, हे त्यात मान्य केलेलं आहे.

त्या खोलीत काय घडतं ते जवळून बघू. दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आत येते. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई, मधुमेह जुना, तीन महिन्यांची सरासरी साखर पुन्हा वाढलेली. इन्सुलिनचा डोस वाढवते, असं म्हणते. शिक्षकाला पहिल्या दोन वाक्यांतच खटकतं की सहा महिन्यांपूर्वी ठीक असलेली साखर त्याच डोसवर एवढी वर कशी गेली. तो ते बोलत नाही. "तुला काय वाटतं, का वाढली?" एवढंच विचारतो. ती म्हणते, पथ्य सुटलं असेल. "कशावरून?" ती थबकते. पथ्याबद्दल तिने विचारलेलंच नसतं. परत जाते. दहा मिनिटांनी येते तेव्हा चेहरा बदललेला असतो. नोकरीबरोबर बाईंचा विमा गेला आहे आणि कुपी महिनाभर पुरावी म्हणून त्या इन्सुलिन निम्मंच घेत आहेत. डोस वाढवला असता तर कागदावर उपचार चोख दिसला असता आणि बाईंच्या हाती काही लागलं नसतं. आता शिक्षक बोलतो. नियंत्रणात असलेला आजार एकाएकी बिघडला की औषध बदलण्याआधी ते औषध पोटात किंवा अंगात जातंय का ते विचारायचं, हा नियम तो सांगतो. परत जाऊन विचारलंस आणि बाईंनी तुला सांगितलं, म्हणजे त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, हेही सांगतो. आणि पहिल्या फेरीत काय राहिलं तेही न कचरता सांगतो. मग दोघं मिळून क्लिनिकच्या फार्मासिस्टकडे जातात, स्वस्तातलं इन्सुलिन बघायला.

या संभाषणाला एक आराखडा आहे. 1992 साली वॉशिंग्टन राज्यातल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी, जॉन नेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तो पाच पायऱ्यांत मांडला: आधी शिकणाऱ्याला स्वतःचं मत द्यायला लावायचं, मग त्याचा आधार विचारायचा, एखादा सर्वसाधारण नियम शिकवायचा, बरोबर केलेलं नेमकं सांगायचं आणि चुकलेलं सुधारायचं. तिकडे त्याला 'एका मिनिटाचा प्रिसेप्टर' म्हणतात, आणि फॅमिली मेडिसिनच्या ओपीडीतून निघून तो इतर शाखांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही गेला. ज्या शाखेला मोठ्या रुग्णालयांत बराच काळ खालच्या पंगतीला बसवलं गेलं, तिने बाकीच्यांना शिकवायचं कसं ते शिकवलं, याचं मला फार समाधान आहे.

आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरांना या खोलीची सवय व्हायला वेळ लागतो. मुंबई, पुणे, नागपूर, मिरज इथून एमबीबीएस करून तिकडच्या फॅमिली मेडिसिनमध्ये गेलेले मराठी डॉक्टर बरेच आहेत. आपल्या राउंडवर प्रश्न विचारला जातो तो बहुतेक वेळा काय येत नाही ते उघडं पाडायला. त्यामुळे 'तुला काय वाटतं?' हा प्रश्न ऐकला की यांना सापळा दिसतो आणि 'सर, तुम्ही म्हणाल तसं' हे उत्तर तोंडात येतं. ते उत्तर मोडून काढणं हे शिक्षकासाठी पहिल्या वर्षातलं एक मोठं काम असतं. व्हिसाच्या अटींमुळे यांतले बरेच जण पुढे तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या गावांत काम करतात, काही जण तिथेच राहतात, आणि काही शिक्षक होऊन परत रेसिडेन्सीत येतात.

हे शिक्षक आले कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तज्ज्ञ डॉक्टर झपाट्याने वाढले आणि गावातला, गल्लीतला जनरल प्रॅक्टिशनर कमी होत गेला. 1966 साली मिलिस, फॉल्सम आणि विलार्ड या नावांनी ओळखले जाणारे तीन अहवाल आले. तिन्हींचा रोख एकच होता: माणसाकडे संपूर्ण माणूस म्हणून बघणारा डॉक्टर हवा असेल तर तो मुद्दाम शिकवून तयार करावा लागेल. 8 फेब्रुवारी 1969 रोजी फॅमिली प्रॅक्टिसला विसावी वैद्यकीय शाखा म्हणून मान्यता मिळाली. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1967 मध्ये, सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ फॅमिली मेडिसिन स्थापन झालेली होती. शाखा नव्हती, परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, आणि शिक्षक एकत्र आलेले होते. मला या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

त्यांना स्वतःला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. सोसायटीचे पहिले अध्यक्ष लिन कार्मायकेल मायामीचे जनरल प्रॅक्टिशनर. गेल स्टीफन्स कॅन्ससमधल्या विचिटा शहरात प्रॅक्टिस करत होते. तिथल्याच वेस्ली रुग्णालयात त्यांनी रेसिडेन्सी उभी केली, आणि पुढे या शाखेचा वैचारिक पाया कोणता यावर आयुष्यभर लिहिलं. यूजीन फार्ली न्यूयॉर्क राज्यातल्या छोट्या गावातली प्रॅक्टिस सोडून रॉचेस्टरला आले. सीमेपलीकडे कॅनडात इयन मॅक्विनी 1968 साली ऑन्टारिओतल्या लंडन शहरी या विषयाचे त्या देशातले पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी ते इंग्लंडमध्ये, शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्डमध्ये, वडिलांबरोबर दवाखाना चालवत होते. या सगळ्यांनी जुळलेली प्रॅक्टिस, ओळखीची माणसं आणि बरी मिळकत सोडली आणि अशा संस्थांत आले जिथे त्यांना विचारलं जाई की तुम्ही नेमकं काय शिकवणार? हृदय हृदयरोगतज्ज्ञ शिकवतात, मूल बालरोगतज्ज्ञ शिकवतात, मग तुमच्या वाट्याला काय उरलं?

उत्तर द्यायला त्यांना काही वर्षं लागली, आणि ते उत्तर फॅकल्टीच्या रचनेतच सापडतं. फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकवर्गात सगळे डॉक्टर नसतात. वर्तनशास्त्र शिकवणारा मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता तिथे नेमलेला असतो, आणि तो आठवड्यातून एकदा भाषण देऊन जाणारा पाहुणा नसतो. तो त्याच क्लिनिकमध्ये बसतो. कित्येक ठिकाणी तपासणीच्या खोल्यांत रुग्णाच्या परवानगीने कॅमेरा लावतात आणि नंतर रेसिडेंट व हा शिक्षक मिळून ते चित्रण बघतात. बाई 'रात्री झोप लागत नाही' म्हणाल्या तेव्हा तू संगणकाकडे बघत होतास, बघ. त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. असं वाक्य एकदा पडद्यावर दाखवलं की ते रेसिडेंट विसरत नाही. फार्मासिस्ट असतो, परिचारिका असतात, काही ठिकाणी आहारतज्ज्ञ. नवख्या इंटर्नला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला, बाळाला लस देताना आईशी कसं बोलायचं हे बहुतेकदा परिचारिकाच शिकवते, मग तिच्या नावापुढे प्राध्यापक हा शब्द असो वा नसो.

याच परंपरेतली एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते, ती बालिंट गट. मायकेल बालिंट हे बुडापेस्टहून इंग्लंडला आलेले मनोविश्लेषक. 1950च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये त्यांनी जनरल प्रॅक्टिशनरांना एकत्र बसवून आपापल्या अवघड रुग्णांबद्दल बोलायला लावलं. 1957 साली त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. अमेरिकेतल्या बऱ्याच रेसिडेन्सींत आज हे गट नियमित भरतात. आठ-दहा रेसिडेंट गोल बसतात. एक जण कागद न बघता एखाद्या रुग्णाविषयी सांगतो, बहुधा ज्याचं नाव यादीत दिसलं की पोटात गोळा येतो अशा रुग्णाविषयी. सांगून झालं की तो खुर्ची थोडी मागे घेतो आणि गप्प बसतो. बाकीचे बोलतात: त्या रुग्णाच्या जागी मी असतो तर मला काय वाटलं असतं, डॉक्टरच्या जागी काय वाटलं असतं. निदान काढायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. गट चालवणाऱ्या शिक्षकाचं काम एवढंच की सल्ल्याकडे घसरणारं बोलणं परत माणसाकडे आणायचं. तरुण डॉक्टरांना थकवा येतो तो पुष्कळदा कामाच्या तासांहून अधिक, मनात साठलेल्या अशा रुग्णांमुळे. त्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवणारे शिक्षक असावेत, ही गोष्ट मला आपल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयासाठी हवीशी वाटते.

आता जूनविषयी. तिकडचं शैक्षणिक वर्ष 30 जूनला संपतं आणि 1 जुलैला नवे इंटर्न येतात. म्हणजे दर वर्षी एक-तृतीयांश डॉक्टर क्लिनिक सोडून जातात आणि त्यांचे शेकडो रुग्ण पोरके होतात. ही यादी कुणाच्या हवाली करायची याची बैठक शिक्षक घेतात, आणि ती नुसत्या आकड्यांची वाटणी नसते. दारू नुकतीच सुटलेल्या माणसाला तिसऱ्यांदा नवा डॉक्टर द्यायचा का? दोन गर्भपातांनंतर पुन्हा दिवस राहिलेली बाई एक जुलैला आलेल्या मुलाकडे सोपवायची, की दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडे? काही रुग्णांना शिक्षक स्वतःकडे घेतो. वर्षानुवर्षं त्या क्लिनिकमध्ये येणाऱ्या माणसाने सहा-सात डॉक्टर पाहिलेले असतात. त्याला सुरुवातीपासून ओळखणारी एकच व्यक्ती तिथे उरते ती म्हणजे शिक्षक. 'तिची आई याच आजाराने गेली, म्हणून ती ही तपासणी टाळते' हे कुठल्याही नोंदीत नसतं. ते शिक्षकाला ठाऊक असतं, कारण आईलाही त्यानेच पाहिलेलं असतं. शिक्षकाने शिकवता शिकवता स्वतःचे रुग्ण बघत राहायचे, बाळंतपणं करायची, वृद्धाश्रमात फेरी मारायची, यामागचं कारण हेच. ज्याची स्वतःची प्रॅक्टिस बंद पडली त्याच्या शिकवण्यातला जीव दोन-चार वर्षांत निघून जातो, असं माझं ठाम मत आहे.

मूल्यमापनाचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढे पूर्ण प्रकरण आहे. वर्षातून दोनदा शिक्षकांची समिती प्रत्येक रेसिडेंटची प्रगती पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर मांडते. बहुतेकांच्या बाबतीत हे सुरळीत होतं. अवघड असतो तो एखादा, जो मनमिळाऊ आहे, कष्टाळू आहे, सगळ्यांना हवाहवासा आहे, पण आजारी बाळ आणि फार आजारी बाळ यांतला फरक त्याला अजून दिसत नाही. त्याला थांबवणं, वर्ष वाढवणं, प्रसंगी दुसरी वाट दाखवणं हे त्याच शिक्षकाला करावं लागतं ज्याने अडीच वर्षं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढची तीस वर्षं जे रुग्ण त्या डॉक्टरपुढे बसणार आहेत ते त्या बैठकीत हजर नसतात. त्यांच्या वतीने कुणीतरी बोलावं लागतं.

पैशांचं चित्र मात्र समाधानाचं नाही. 1965च्या कायद्याने मेडिकेअर सुरू झाल्यापासून रेसिडेंटांच्या शिक्षणाचा मोठा वाटा तिथून येतो, पण तो मुख्यतः रुग्णालयांना मिळतो. क्लिनिक मोठं करायचं की हृदयशस्त्रक्रियेचा विभाग, हा प्रश्न रुग्णालयाच्या हिशेबात बहुधा क्लिनिकच्या विरुद्ध सुटतो. 1997च्या कायद्याने या पैशातून चालणाऱ्या जागांवर मर्यादा घातली. 2010च्या आरोग्य कायद्याने 'टीचिंग हेल्थ सेंटर' ही वेगळी वाट काढली, जिथे गरीब वस्त्यांतली आरोग्य केंद्रंच रेसिडेन्सी चालवतात. पण तिचा निधी ठरावीक मुदतीसाठीच मंजूर होतो आणि दर वेळी मुदत संपत आली की तिथल्या शिक्षकांचा जीव टांगणीला लागतो. शिकवणाऱ्याला खासगी प्रॅक्टिसपेक्षा बहुधा कमीच मिळतं. चांगले शिक्षक यामुळे सोडून जातात, हे कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी नुकसानच आहे.

शेवटी आपल्याविषयी. फॅमिली डॉक्टर ही संस्था महाराष्ट्राला नवी नाही. घराच्या तीन पिढ्या ओळखणारे, रात्री बॅग घेऊन येणारे डॉक्टर आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहेत. त्यांच्याकडे असलेलं ज्ञान पुढच्या डॉक्टरला मिळेल अशी जागा मात्र आपण उभारली नाही. आपला एमबीबीएसचा विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या हाताखाली शिकतो, आणि त्या तज्ज्ञांपैकी कित्येकांनी स्वतः एक दिवसही जनरल प्रॅक्टिस केलेली नसते. नॅशनल बोर्डाची फॅमिली मेडिसिनमधली डीएनबी पदवी बऱ्याच वर्षांपासून आहे, केरळात कालिकतच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडीही सुरू झालं. पण विषय मान्य होऊनही प्रश्न राहतो तो शिकवणार कोण याचा. आपल्या नियमांप्रमाणे प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. सांगोल्याला किंवा चिपळूणला तीस वर्षं उत्तम दवाखाना चालवलेला एमबीबीएस डॉक्टर त्या दारातून आत येऊ शकत नाही.

अमेरिकेने ही अडचण कशी सोडवली ते बघण्यासारखं आहे. या शाखेची परीक्षा घेणाऱ्या तिथल्या बोर्डाने जुन्या प्रॅक्टिशनरांना वयाकडे बघून पदवी बहाल केली नाही. पण रेसिडेन्सी केली नाही म्हणून दार लावूनही घेतलं नाही. 1970 साली पहिली परीक्षा झाली तेव्हा अनेक वर्षं प्रॅक्टिस केलेल्यांना तिला बसण्याची मुभा होती आणि ही वाट 1978पर्यंत खुली राहिली. वर, पास झालेल्यांनाही दर सात वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायला लावली. अमेरिकी वैद्यकात असं करणारं हे पहिलं बोर्ड. अनुभवाला मान, पण सूट नाही. शिक्षकांची पहिली पिढी अशी मिळाली. आपल्याकडे एखाद्या विद्यापीठाने मुदत घालून असा प्रयोग करायला काय हरकत आहे, असं मला आरोग्य विद्यापीठाच्या आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या धुरीणांना विचारावंसं वाटतं.

पुस्तक कुठूनही वाचायला घेता येईल. ज्यांचं लक्ष आपल्या तालुक्यांकडे आहे त्यांनी स्पोकेनच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. वॉशिंग्टन राज्यातल्या या शहरातल्या रेसिडेन्सीने 1980च्या दशकात रेसिडेंटांना एक वर्ष शहरात ठेवून उरलेली दोन वर्षं कोलव्हिलसारख्या छोट्या गावांत पाठवायला सुरुवात केली. तिथे शिकवणारे म्हणजे त्या गावातलेच डॉक्टर. त्यांना शिकवायचं कसं हे शिकवायला शहरातली फॅकल्टी रस्ता तुडवत जाई. फॅकल्टीनेच फॅकल्टी कशी तयार केली, त्यात काय जमलं आणि काय जमलं नाही, याचा तपशील त्या प्रकरणात आहे.